अम्माच्या हातचे पडदे

अम्मानं हजला जाण्याआधी लोकांची माफी मागायला सुरुवात केली आणि मी तिच्या यादीतली नावं मोजू लागले.

आमच्यात तसा रिवाजच आहे. हजला निघालेल्या माणसानं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना भेटायचं, कुणाचं मन दुखावलं असेल तर माफी मागायची, मोकळ्या मनानं निघायचं. बाकीची माणसं हे काम दोनचार फोनवर उरकतात. आमची अम्मा उरकणारी नव्हे. बहरीनला झिंजमधल्या आमच्या बिल्डिंगचे तीन मजले ती गुडघे धरून चढली. वरच्या बाईच्या एसीचं पाणी आमच्या वाळवणावर पडायचं म्हणून अम्मा तिला दोन वर्षं जे जे बोलली होती, ते सगळं तिनं त्या बाईला पुन्हा ऐकवलं आणि मग माफी मागितली. बाईला त्यातलं निम्मं माहीतच नव्हतं. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे किराणावाल्या मल्याळ्याला सांगितलं, तुझ्या केळ्यांना मी कुजकी म्हटलं होतं, माफ कर. तो बिचारा हसत सुटला.

मला मात्र हसू येत नव्हतं. कारण अम्माच्या यादीत शेवटी एकच नाव उरलं होतं, माझ्या थोरल्या भावाचं. आणि त्याच्या घरी अम्मा गेली तर माझं बिंग फुटायची भीती होती. हजला जाणारी बस परवा पहाटे सुटणार होती. पासपोर्ट हमलेवाल्याकडे जमा झाला होता. हजला नेणाऱ्या जथ्याला इथे हमला म्हणतात. आपल्या कानाला ते कसंसंच लागतं, पण त्या दोन दिवसांत मला तोच शब्द बरोबर वाटत होता.

माझा भाऊ मुनाफ परकार. जॉर्जियातल्या बातुमीला तीन कॅसिनो, काठमांडूला एक, आणखी कुठे कुठे भागीदारी. बहरीनमध्ये कॅसिनोला परवानगी नाही, म्हणून कुटुंब मात्र त्यानं इथेच ठेवलं. हे त्याचं मला कधी कळलं नाही आणि कळलंही. झल्लाकला समुद्रालगत बंगला, दारात चार गाड्या. बायको नाझिश वर्षातले सहा महिने बाहेर. मुलगा अर्सलान बातुमीत बापाचा धंदा शिकतोय. मुलगी मेहरीन सोळा वर्षांची, इंग्रजी शाळेत, इंग्रजीतच जगणारी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हाच मुनाफ इथल्या एका हॉटेलात कॅशियर म्हणून आला होता, माझ्या मरहूम बापाच्या मित्राच्या ओळखीनं, एका बॅगेत दोन शर्ट घेऊन. कुठल्याशा तुर्की मालकाला त्याचा हिशेबीपणा आवडला, त्यानं त्याला बातुमीला नेलं, आणि पुढे मालक गेला नि मुनाफ राहिला.

आम्हाला त्यानं सांगितलं, हॉटेलं काढली. आम्ही खूश. अम्मानं त्याच्याकडून पैसे घेऊन दापोलीजवळच्या आमच्या गावातल्या मशिदीवर नवी कौलं चढवली. पुढच्या वर्षी गावातलाच एक पोरगा बातुमीला नोकरीला गेला आणि कॅसिनोचे फोटो पाठवू लागला. जमातीनं बैठक घेतली. कौलं उतरवली नाहीत, तेवढी माणुसकी ठेवली; पण घराघरातून वर्गणी काढून सगळी रक्कम अम्माच्या हातात परत दिली, सगळ्यांच्या समोर. त्या दिवशी अम्मा गावातून निघाली ती माझ्याकडे बहरीनला आली आणि पुन्हा गेली नाही. मुनाफला एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडावर खोटा बोल्लास. आता तुझ्या घरचा पानी पन मना नको." त्याला अकरा वर्षं झाली. झिंजपासून झल्लाक गाडीनं अर्धा तास, पण अकरा वर्षांत ते अंतर कुणी कापलं नाही.

मी कापत होते, गुपचूप. आता माझंही सांगते.

बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत माझं पडद्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मीच चालवते, दोन कारागीर हाताशी. अम्माचं वय त्र्याहत्तर, हृदय चौथाई चालतं, डॉक्टर दरवेळी मान हलवतात. तिची एकच इच्छा, हज. आणि तीही चोख पैशानं. माझ्या कमाईत घर चालतं, हज निघत नाही. गेल्या वर्षी मी मुनाफकडे गेले आणि त्याच्यासमोर रडले. पैसे मागितले नाहीत, नुसती रडले. आठ दिवसांनी त्याचा माणूस उबेद दुकानात आला. साहेबांचं नवं हॉटेल होतंय, जुगाराचं नाही, साधं राहायचं, एकशेसाठ जोड पडदे हवेत.

पडद्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक तीनदा रंग बदलतं. खिडकीची मापं दोनदा घ्यायला लावतं. कापड हातात चुरगाळून बघतं, भाव पाडतं, उद्या येते म्हणून महिनाभर गायब होतं. उबेदनं एका चिठ्ठीवर एकच माप दिलं, सगळ्या खिडक्यांना तेच. रंग विचारला तर म्हणाला, "जो आपको अच्छा लगे." पैसे आगाऊ. माझ्या जागी कुणीही ओळखलं असतं. मीही ओळखलं होतं. फक्त स्वतःला विचारलं नाही.

अम्माला सांगितलं, परदेशातल्या एका हॉटेलाची ऑर्डर आहे. कुणाचं ते सांगितलं नाही. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "हॉटेलवाल्यांना खालची पट्टी हातानं घालून दे, मशीनचे टाके दिसतात. मी घालते. माझी मजुरी हजच्या पैशात टाक." पाच महिने ती खिडकीपाशी बसून टाके घालत होती. बोटांना भोकं पडली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मी माझ्या सुईवर हजला चाललंय.

तर असं होतं.

शेवटच्या नावासाठी अम्मा तयार होऊन बसली तेव्हा मी मोरीत जाऊन मुनाफला फोन लावला. "पडद्यांचा एक अक्षर काढशील तर बघ." तो म्हणाला, "येडी हायस काय? अम्मा येतंय, मना पडदे आठवतील काय?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

अम्मानं पिशवीत पाण्याची बाटली घेतली, घरचे चार खजूर घेतले, आपला नमाजाचा मुसल्ला घेतला. माफी मागायला चालली होती, पण दुसऱ्याच्या घरचं काहीही अंगाला लागू द्यायचं नाही असा बंदोबस्त. मे महिन्याचं ऊन, दुपारचे तीन, रस्ता तव्यासारखा. मी गाडी चालवत होते आणि एसी पूर्ण असूनही माझे तळवे स्टिअरिंगला चिकटत होते. अम्मा शेजारी ओठ हलवत बसली होती. मधेच म्हणाली, "अकरा वर्षा म्हंजे जास्ती झाली का गो?" म्हटलं, "माफी मागायला चाललंस ना, मग मोजतंस कशाला?"

मुनाफ दारात उभा होता, उन्हात. छप्पन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा पांढरा झब्बा, केस नुकतेच काळे केलेले, कानामागे रंगाचा डाग राहिलेला. त्यानं हात पुढे केला, मग मागे घेतला. अम्मानंच त्याचा हात धरला. आत टेबलावर एवढं मांडलं होतं की चाळीस माणसं जेवली असती. अम्मानं तिकडे पाहिलंही नाही. मुनाफ घाईघाईनं म्हणाला, "पानी तरी घे अम्मा. ह्यो माझ्या पैशाचा नाय. उबेदनं त्याच्या पगारातून आनलान."

"आनि उबेदचा पगार कोन देतो?" अम्मानं विचारलं.

एरवी मी खोखो हसले असते. मुनाफचं तोंड इतकं उतरलं की मला त्याची कीव आली. चार देशांत माणसं ज्याच्या सहीवर हलतात, तो एका पेल्यासाठी कारणं शोधत होता.

अम्मा सोफ्याच्या कडेवर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. "मुनाफ, मी तुझ्याशी अकरा वर्षा बोल्ली नाय. तुझ्या धंद्याशी मना बोलायचा नव्हता, पन तुझ्याशी बोलायला पायजे होता. आजारी पडलास तवा आले नाय. पोरीला मांडीवर घेतली नाय. ह्यो माझा चुकला. मना माफ कर."

मुनाफ खाली गालिच्यावर बसला, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मोठ्यानं, नाक ओढत. अम्मा त्याच्या रंगवलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली. जिन्यात मेहरीन उभी होती, कानातले इअरफोन काढून हातात धरलेले. मीही रडले, पण माझ्या रडण्यात सुटकेचा भाग मोठा होता. मनात म्हटलं, झालं, आता उठायचं आणि निघायचं. मी किल्ल्या हातात घेतल्या होत्या.

तेवढ्यात असरच्या नमाजाची वेळ झाली. अम्मा म्हणाली, इथेच नमाज पढते. दिवाणखान्यात भिंतीभर फोटो, कोपऱ्यात कसल्या कसल्या मूर्ती. "जिथे फोटो नायत असली खोली दे," ती मेहरीनला म्हणाली. पोरीनं क्षणभर विचार केला आणि आजीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मुनाफ तोंड धुवायला गेला होता. मी सोफ्यावर बसून राहिले, किल्ल्या हातात खेळवत.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. नमाजाला एवढा वेळ लागत नाही. मग मेहरीन आली. "फुफू, दादी इज नॉट गेटिंग अप."

मला वाटलं, हृदय. मी धावले. बोळाच्या टोकाला शेवटची खोली. त्या घरात फोटो नसलेली एकच खोली होती, सामान ठेवायची. अम्मा मुसल्ल्यावर बसली होती, ठीक होती. तिच्यासमोर भिंतीला लावून छतापर्यंत माझ्या दुकानाचे गठ्ठे रचलेले होते. माझीच दोरी, माझ्याच चिठ्ठ्या. एक गठ्ठा कोपऱ्यावर फाटला होता आणि अम्मानं त्यातल्या एका पडद्याची खालची पट्टी ओढून मांडीवर घेतली होती. कोपऱ्याला ती नेहमी तीन टाके जास्त घालते. त्यावर तिचं बोट होतं.

"नुसरत," ती शांतपणे म्हणाली, "ह्यो इथे कसा?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्यामागून मुनाफचा आवाज आला. "अम्मा, ह्यो माझ्या हॉटेलाचा माल. नुसरतला म्हायत नाय. उबेदनं परस्पर ऑर्डर दिली." इतक्या सफाईनं बोलला की क्षणभर मलाच खरं वाटलं. "नवा हॉटेल हाय, जुगार नाय त्यात. काम लांबला, म्हनून हितं ठेवलाय. पुढच्या महिन्यात पाठवतोय."

अम्मानं पट्टीवरचे टाके बोटानं चाचपले. मग तिनं हिशेब मोठ्यानं मांडला, आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. हॉटेलात माणसं झोपतात. झोपणाऱ्या माणसाच्या खिडकीला पडदा लावणं यात पाप नाही. काम केलं, कामाचा दाम घेतला, देणारा कोण का असेना, तो दाम तिचा. "पन हे पडदे लागायचे नसतील," ती म्हणाली, "तर ही मजुरी नाय. ही भीक. भीक घेऊन मी अल्लाच्या घरी जायची नाय. नुसरत, हमल्याला फोन करून नाव काढायला लावशील."

मुनाफ म्हणाला, "अम्मा, खरा सांगतंय."

"तू अकरा वर्षांमागं पन खरा सांगत होतास." तिनं मेहरीनकडे पाहिलं. "पोर खोटा बोलायची नाय. गो, तू गेली होतीस ना तिकडे सुट्टीत? तुझ्या बापसाच्या हॉटेलाला खिडक्या किती हायत?"

मेहरीननं बापाकडे पाहिलं, मग आजीकडे. आणि तिच्या त्या स्वच्छ शाळकरी इंग्रजीत उत्तर दिलं. "देअर इज नो होटेल, दादी. इट्स जस्ट द कॅसिनोज. अँड दे डोन्ट हॅव विंडोज. डॅड सेज पीपल शुडन्ट नो इट्स मॉर्निंग."

खेळणाऱ्याला सकाळ झालेली कळू नये म्हणून खिडक्याच नाहीत. मी वीस वर्षं पडदे विकतेय, हे मला माहीत नव्हतं. पण या पडद्यांना खिडक्या नाहीत, हेच मला पाच महिने माहीत होतं.

अम्माला इंग्रजी येत नाही. तिनं माझ्याकडे मान वळवली. "काय म्हनतंय ती?"

मुनाफ माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर काही नव्हतं, अगदी काही नव्हतं. धंद्यानं त्याला तेवढं शिकवलंच असणार. माझ्या डोक्यात मात्र सगळं एकदम आलं. अम्माच्या बोटांची भोकं. डॉक्टरची हलणारी मान. पुढच्या वर्षी, असं मी म्हणू शकत होते, पण अम्माच्या बाबतीत पुढचं वर्ष कुणी दिलं होतं?

"म्हनतंय, लय खिडक्या हायत," मी म्हणाले. "समुद्राच्या बाजूनं सगळ्या खिडक्याच हायत म्हनतंय."

समुद्र मी कशाला घातला कोण जाणे. खोटं बोलणारा माणूस नेहमी एक वाक्य जास्त बोलतो. अम्माचा चेहरा सैल पडू लागला. ती पडद्याची पट्टी पुन्हा गठ्ठ्यात खोचू लागली, आणि खोचता खोचता सहज, खात्रीसाठी नव्हे तर कौतुकानं, तिनं मेहरीनला विचारलं, "व्हय गो? समुद्र दिसतो तिथून?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अम्मानं मघाशी आमच्या बोलीत विचारलं होतं आणि पोरीनं इंग्रजीत का होईना, बरोबर उत्तर दिलं होतं. म्हणजे तिला सगळं समजत होतं. आजीचा सवाल समजला होता, बापाचा खोटेपणा समजला होता, आणि माझा तर शब्दन्‌शब्द. एवढी साधी गोष्ट मला घाईत सुचली नव्हती. आमच्या घराघरात अशी पोरं आहेत, त्यांच्यासमोर आम्ही काहीही बोलतो, कारण ती इंग्रजीत उत्तर देतात.

मेहरीन माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, मोठी माणसं चूक सुधारतील म्हणून मुलं बघतात तशी. मी खाली पाहिलं. गालिच्यावर तिचे अनवाणी पाय होते, नखांना निळा रंग.

"हां, दादी," ती म्हणाली. "समुद्र दिसतो."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. अम्मानं तिला जवळ ओढून तिचा मुका घेतला, आपल्या पिशवीतले घरचे खजूर तिच्या हातात दिले. म्हणाली, बघ मुनाफ, पोरीला बोली येते, कोन म्हनतो येत नाय. मुनाफ हसला. बोळातून बाहेर येताना माझ्या खांद्याला हलकासा हात लावून गेला, त्याच्या टेबलावर कुणी चांगला डाव खेळलं की तो लावत असेल तसा. माझ्या अंगाची आग झाली. अकरा वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणत आले होते! आणि त्यानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाखाली जी पोर खोट्यापासून लांब ठेवली होती, तिला खोटं बोलायला मी शिकवलं. एका दुपारी. तिच्या आजीच्या तोंडावर.

निघताना अम्मा गाडीत बसली, पट्टा लावून तयार. मुनाफ तिच्या खिडकीशी वाकून काहीतरी बोलत होता. मेहरीन माझ्या बाजूला आली, दार उघडायच्या आधी तिनं माझा हात धरला. खजूर तिच्या दुसऱ्या मुठीत तसेच होते.

"फुफू," ती हळू आवाजात म्हणाली, अडखळत, शब्द शोधत, पण आमच्याच बोलीत. "दादी परत आली की तू तिला सांगशील?"

"इंशाल्ला," मी म्हटलं.

"नो, फुफू." तिचे डोळे भरले होते. "हां का नाय?"

मी हात सोडवून घेतला आणि गाडीत बसले. गेट उघडलं. आरशात ती तिथेच उभी दिसत होती, उन्हात, अनवाणी. तिचे पाय भाजत असतील असं मला वाटलं, तरी मी थांबले नाही.

रस्त्याला लागल्यावर अम्मानं बाटली उघडून दोन घोट पाणी प्यायलं. तिचा चेहरा इतका निवांत होता की माझ्यानं बघवेना. म्हणाली, "मन कसा हलका झाला. आता मरन आला तरी बेहेत्तर." मग तिला आठवलं. "ती पोर तुना काय विचारत होती गो?"

"काय नाय," मी म्हटलं. "खुदा हाफिज म्हनत होती."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपं गेलं. आवाजसुद्धा हलला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.